रिकामी जागा भाड्यानं देणे आहे: कन्व्हेन्शन सेंटर चालतं कसं

परवा सोसायटीतल्या एका काकांनी विचारलं, तू नेमकं करतोस तरी काय रे? म्हटलं प्रदर्शनांमध्ये स्टॉल बांधतो. "म्हणजे मंडप डेकोरेटर." मी हो म्हणून मोकळा झालो, कारण ते अर्धं खरंच आहे. पण काका सोडणाऱ्यातले नाहीत, लगेच पुढचा प्रश्न, मग ते मुंबईत बीकेसीला नि दिल्लीत हजारो कोटी घालून जे कन्व्हेन्शन सेंटर बांधलंय ते काय, मोठं मंगल कार्यालयच ना?

तर ह्याचं उत्तर लिफ्टमध्ये देण्यासारखं नाहीये म्हणून इथं लिहितोय, आणि सुरुवात मंगल कार्यालयापासूनच करतो कारण काकांचं फारसं चुकलेलं नाही.

कार्यालयवाला तुम्हाला काय विकतो बघा. लग्न तुमचं, गुरुजी तुमचे, पाहुणे तुमचे. त्याची फक्त रिकामी जागा आणि घड्याळ. सकाळी सहाला ताब्यात, संध्याकाळी चारला खाली करा, कारण पाचला दुसऱ्यांचं रिसेप्शन आहे. जेवण आमच्याच केटररचं, बाहेरचा चालणार नाही. जनरेटरचे वेगळे, सफाईचे वेगळे, वर डिपॉझिट. ह्यातली एकेक गोष्ट घ्या, तिच्यापुढे दोन-तीन शून्यं लावा, की कन्व्हेन्शन सेंटर तयार. तारखांवरची मारामारीसुद्धा तशीच. तिथं मुहूर्त, इथं सीझन.

फरक पडतो तो पुढे. कार्यालयात येणारी माणसं त्या घरची असतात, जेवतात, अहेर देतात, घरी जातात. कन्व्हेन्शन सेंटरला येणारा माणूस परगावचा, बरेचदा परदेशचा, तीन रात्री हॉटेलात राहणार, टॅक्सी करणार, बाहेर जेवणार, बायकोला साडी घेणार. म्हणजे सेंटरच्या भाड्यातून जे मिळतं त्याच्यापेक्षा जास्त पैसा सेंटरच्या भिंतीबाहेर पडतो, आणि सरकारं असल्या इमारतींत पैसे का ओततात ते ह्या एका गोष्टीत आहे. त्यावर नंतर येतो, त्यात एक मोठी गोम पण आहे.

आधी हे सगळं आलं कुठून ते थोडक्यात. प्रदर्शन म्हणजे मुळात जत्रा आणि आठवडी बाजार, माल आणा, विका, उरलेला परत न्या. जर्मनीतल्या लाइपझिगची जत्रा शेकडो वर्षं अशीच चालायची. मग आली रेल्वे आणि आले कारखाने, आणि कारखान्यातला माल एकासारखा एक. दहा हजार बरण्या एकसारख्या असतील तर त्या सगळ्या गाडीत घालून कशाला न्यायच्या, एक न्या, ती दाखवा, ऑर्डर लिहून घ्या. १८९५ पासून लाइपझिगनं हेच रीतसर चालू केलं, नमुन्यांची जत्रा. आज मुंबईत गोरेगावला नेस्कोच्या प्रदर्शन केंद्रात मशिनरीचं प्रदर्शन बघायला जाता तेव्हा खरं तर हेच बघत असता, एक मशीन उभं आणि बाजूला वही घेतलेला सेल्सवाला. (वहीच्या जागी आता क्यूआर कोड आलाय, पण आमचे जुने क्लायंट अजून व्हिजिटिंग कार्ड स्टेपल केलेली वहीच ठेवतात आणि तीच शेवटी कामाला येते.)

त्याच्याआधी १८५१ मध्ये लंडनला हाइड पार्कात एका मोठ्या प्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेस उभारला होता, लोखंड आणि काचेचा, सुटे भाग कारखान्यात बनवून जागेवर जोडलेला. साडेपाच महिन्यांत साधारण ६० लाख लोकांनी तिकीट काढून तो बघितला. आपला कोहिनूर तिथं ठेवला होता आणि लोक म्हणाले एवढंच? चमकत नाही म्हणून बिचाऱ्याला पुढच्याच वर्षी पुन्हा पैलू पाडले. पण आमच्या धंद्याच्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे, त्या प्रदर्शनात नफा झाला, १ लाख ८६ हजार पौंड, आणि त्या पैशातून साउथ केन्सिंग्टनला जमीन घेतली जिथं आज लंडनची ती मोठमोठी म्युझियम्स उभी आहेत. मोठा इव्हेंट शहराला काहीतरी देऊन जातो ह्या कल्पनेला तिथूनच बळ मिळालं, आणि तेव्हापासून प्रत्येक शहराला वाटतं की आपल्याकडे पण होईल.

हॅनोव्हरचं तर अजून भारी आहे. १९४७, जर्मनी बेचिराख, शहर ढिगाऱ्यात, आणि ब्रिटिश लष्करी प्रशासन म्हणतं की निर्यात सुरू व्हायला पाहिजे तर प्रदर्शन भरवा. हॉल कुठला, तर शहराबाहेरचा एक जुना धातूचा कारखाना. २१ दिवसांत सात लाखांवर लोक आले. खायची मारामार होती, तिथं पावात घातलेले मासे मिळायचे म्हणून लोकांनी नावच ठेवलं मासेपावाची जत्रा. आज तेच हॅनोव्हरचं मैदान जगातल्या सगळ्यात मोठ्या प्रदर्शन मैदानांत धरतात. २०१५ ला भारत तिथं पार्टनर कंट्री, म्हणजे त्या वर्षीचा मानाचा देश होता, गावभर मेक इन इंडियाचा सिंह लावलेला. आणि कारखान्याचं प्रदर्शन केंद्र होणं हे आपल्याकडे पण झालंय, नेस्कोचं मूळ नावच न्यू स्टँडर्ड इंजिनिअरिंग कंपनी, गोरेगावची ती जागा कारखान्याची होती. तुम्ही म्हणाल योगायोग, तर नाही. कारखान्याच्या शेडला उंची असते, मधे खांब कमी असतात, जमीन वजन घेते आणि ट्रक आत जातो. चांगल्या हॉलला बरोब्बर हेच लागतं.

आता हॉलमध्ये काय काय असतं ते सांगतो कारण बाहेरून आलेल्या माणसाला फक्त कार्पेट आणि लाइट दिसतात.

पहिली गोष्ट खांब. खांब नको. आयोजक हॉल घेतो आणि त्याचे तुकडे करून विकतो, सगळ्यात लहान तुकडा बहुतेक तीन बाय तीन मीटर म्हणजे ९ स्क्वेअर मीटर. मधे खांब आला की तो स्टॉल कोण घेणार? (आम्हीच घेतला होता एकदा. नकाशात खांब एवढासा ठिपका दाखवला होता, प्रत्यक्षात दोघांनी हात पसरून कवेत येईल एवढा निघाला, क्लायंटचा लोगो त्याच्यामागे. मग त्या खांबालाच गुंडाळून लोगो लावला आणि ही आमची डिझाइन कन्सेप्ट आहे असं छातीठोक सांगितलं.) खांब नको म्हटलं की छत लांबच लांब तोलायला लागतं आणि सगळा खर्च तिथं जातो. दिल्लीच्या प्रगती मैदानावर हॉल ऑफ नेशन्स होता, १९७२ च्या एशिया ७२ प्रदर्शनासाठी बांधलेला, राज रेवल आर्किटेक्ट आणि महेंद्र राज इंजिनिअर. असली जाळीदार रचना जगभर लोखंडात करतात पण तेव्हा आपल्याकडे लोखंड परवडायचं नाही, मजूर परवडायचा, म्हणून पठ्ठ्यांनी ती सगळी काँक्रीटमध्ये ओतली. मधे एक खांब नाही. एप्रिल २०१७ मध्ये रातोरात पाडला तो, नव्या कॉम्प्लेक्ससाठी. मोठी जागा हवी होती हे समजतं, पण मला अजून ते पटलेलं नाही, असो.

दुसरं जमिनीखालचं. हॉलच्या फरशीत ठराविक अंतरावर चर किंवा खड्डे असतात, वर लोखंडी झाकणं, त्यातून वीज, पाणी, कॉम्प्रेस्ड एअर, इंटरनेट. मशिनरीच्या प्रदर्शनात चालू मशीन दाखवायचं तर हे सगळं लागतंच आणि ते वरून लोंबकळत आणता येत नाही, लोक अडखळतात. म्हणून स्टॉल निवडताना आमच्यातला अनुभवी माणूस आधी नकाशात चर कुठून जातो ते बघतो, दर्शनी बाजू वगैरे नंतर.

तिसरं छताचं. साउंड, लाइट, मोठे बॅनर छताला टांगायचे असतात, त्याला रिगिंग म्हणतात. कुठल्या पॉइंटला किती किलो चालेल ते लिहिलेलं असतं आणि ते काम बाहेरच्या माणसाला बहुतेक ठिकाणी करू देत नाहीत. बरोबर आहे, खाली हजार लोक बसलेले असतात.

चौथं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, मागचं दार. सेंटरचा पुढचा भाग मंत्र्यांसाठी असतो, काच, पाण्याचे कारंजे, झेंडे. सेंटर चांगलं की वाईट ते मागे कळतं. किती ट्रक एका वेळी लागतात, ट्रक वळायला जागा आहे का, हॉलचं शटर किती उंच, फोर्कलिफ्ट सरळ आत जाते का मधे उंबरा आहे. मुंबईत अवजड गाड्यांना दिवसा ठराविक वेळेत बंदी, म्हणजे माल रात्री येणार, सगळ्यांचाच रात्री येणार, आणि गेटवर रांग लागणार. टेम्पोवाला शिव्या देत बसलाय, सुतार आत रिकामे बसलेत आणि सकाळी दहाला उद्घाटन आहे, हे चित्र प्रदर्शनाच्या लायनीतल्या कुणालाही विचारा. मोठ्या सेंटरांना म्हणून ट्रकांसाठी वेगळं वेटिंगचं मैदान ठेवतात आणि नंबरानं बोलावतात. नवीन सेंटरचे फोटो आले की मी आधी सॅटेलाइट मॅपवर त्याचं मागचं अंगण बघतो, खरंच बघतो.

आणि कन्व्हेन्शन म्हणजे नुसतं प्रदर्शन नव्हे हे राहिलंच. एकाच छताखाली तीन वेगळ्या गोष्टी असतात. प्रदर्शनाचे हॉल, एक भलंमोठं सभागृह, आणि ढिगानं लहान-मोठ्या खोल्या. डॉक्टरांची कॉन्फरन्स घ्या. सकाळी सगळे एकत्र सभागृहात, मग एकाच वेळी दहा खोल्यांत दहा विषय, दुपारी जेवण, आणि जेवणाचा रस्ता मुद्दाम प्रदर्शनाच्या हॉलमधून काढलेला, कारण तिथं औषध कंपन्यांचे स्टॉल आहेत आणि कॉन्फरन्सचा बराचसा खर्च त्यांच्या खिशातून निघतो. म्हणून ह्या खोल्यांच्या भिंती सरकत्या असतात, छताच्या पट्टीवरून ओढल्या की एका हॉलचे तीन होतात. खुर्च्यांचं पण तसंच. नाटकासारख्या रांगा लावल्या तर जेवढे बसतील त्याच्या साधारण निम्मेच गोल टेबलं लावली तर बसतात. त्यामुळे "आमच्या हॉलची क्षमता दोन हजार" असं कुणी सांगितलं तर पहिला प्रश्न विचारायचा, कशी बसवून? दिल्लीच्या द्वारकेत यशोभूमी आहे ना, १७ सप्टेंबर २०२३ ला पहिला टप्पा उघडला, त्याच्या मुख्य सभागृहात ६,००० लोक बसतात आणि तिथल्या खुर्च्या यंत्रानं सरकवून जमीन सपाट करता येते, कालचं सभागृह आज वेगळ्या मांडणीत. प्रगती मैदानावरचं भारत मंडपम् त्याच्या दोन महिने आधी, २६ जुलैला उघडलं आणि लगेच ९-१० सप्टेंबरला जी-२० तिथं झाली.

आपल्या बीकेसीतल्या जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटरमध्ये ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑलिम्पिक समितीचं १४१ वं अधिवेशन झालं होतं, त्याच अधिवेशनात २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेट घ्यायचं ठरलं. असलं अधिवेशन भारतात त्याआधी झालं ते १९८३ ला दिल्लीत. चाळीस वर्षं का आलं नाही ह्याला कारणं पुष्कळ असतील, पण असल्या संस्थांची मागण्यांची यादी असते, सुरक्षेची वेगळी दारं, दुभाष्यांच्या काचेच्या केबिन, पत्रकारांची शेकडो टेबलं, चालत जाता येतील अशी हॉटेलं, आणि ती यादी एका ठिकाणी पुरी झाल्याशिवाय शहराचा विचारच होत नाही.

आता पैसे. थोडं गणित, घाबरू नका.

समजा हॉल १०,००० स्क्वेअर मीटरचा. त्यातली साधारण निम्मी जागा चालायच्या वाटा, आगीची दारं, कॅफे, नोंदणीचे काउंटर ह्यात जाते. राहिले ५,०००. नऊच्या हिशोबानं साडेपाचशे स्टॉल. आयोजक सेंटरकडून अख्खा हॉल घेतो, दर दिवसाचा, आणि प्रदर्शकाला, म्हणजे स्टॉल लावणाऱ्याला, विकतो अख्ख्या इव्हेंटचा, त्याच्या कितीतरी पट भावानं. नुसती जमीन हवी तर ती बेअर स्पेस, त्यावर आमच्यासारखे लोक प्लाय, एमडीएफ, विनाइल घेऊन काय ते उभं करतात. तीन भिंती, एक टेबल, दोन खुर्च्या आणि वर नावाची पट्टी तयार हवी तर ती शेल स्कीम. कोपऱ्याचा स्टॉल, दोन बाजू उघड्या, म्हणून जास्त पैसे. वीज किलोवॅटवर. इंटरनेटचा भाव ऐकून नवीन प्रदर्शक हमखास म्हणतो, अहो ह्यात वर्षभराचं येतं घरी.

पण सेंटरवाला काय विकतोय, तर दिवस. तीन दिवसांच्या प्रदर्शनाला हॉल निदान सहा दिवस अडकतो, दोन-तीन दिवस उभारणी, मग शो, मग एका रात्रीत तोडफोड. वर्षाचे दिवस ३६५, त्यातले सगळ्यांना हवेत ते थंडीतले, पावसाळ्यात आणि मोठ्या सणांना बिझनेसवाले येत नाहीत. म्हणजे रिकामे दिवस भरणं हाच खरा धंदा. नेस्कोत नवरात्रात गरबा होतो, लोक म्हणतात काय हे, एक्झिबिशन सेंटरमध्ये दांडिया, पण सेंटरच्या बाजूनं बघा, ज्या नऊ-दहा रात्री कुणी मशीन विकायला येणार नाही त्याच रात्री हॉल खचाखच भरतो. ह्याहून हुशारीचं काय असणार. लग्नं, परीक्षा, कॉमेडी शो, कॉन्सर्ट, सगळं त्याच हिशोबात.

आणि मोठी कॉन्फरन्स आयत्या वेळी मिळत नाही. जगभरच्या डॉक्टर-इंजिनिअरांच्या संस्था दरवर्षी शहर बदलतात आणि कित्येक वर्षं आधी जागा ठरवतात, शहरांना त्यासाठी बोली लावायला लागते. ह्या कामाला माणूस ठेवायची आयडिया डेट्रॉइटची. १८९६ मध्ये तिथल्या एका पत्रकारानं लिहिलं की इतके लोक अधिवेशनांना आपसूक येतात तर मुद्दाम बोलावले तर किती येतील, आणि व्यापाऱ्यांनी मिळून एक माणूस नेमला, गावोगाव जाऊन अधिवेशनं पटवायला. असल्या कचेरीला कन्व्हेन्शन ब्युरो म्हणतात. आपल्याकडे देशपातळीवरचा ब्युरो १९८८ ला आला. नव्वद-ब्याण्णव वर्षांनी.

आता ती गोम. सरकार म्हणतं सेंटर स्वतः फायद्यात नसलं तरी चालेल, शहराला मिळतंय ना. लास व्हेगासमध्ये हे खरंच चालतं. तिथं हॉटेलच्या खोलीवरच कर आहे आणि त्यातला पैसा सेंटर चालवणाऱ्या संस्थेला जातो, म्हणजे ज्याचा फायदा त्याच्याच पाहुण्याकडून वसुली. पण ते पाहून अमेरिकेतल्या डझनावारी शहरांनी सेंटरं बांधली, बांधलेली वाढवली, आणि हेवूड सँडर्स नावाचे टेक्सासमधले प्राध्यापक वर्षानुवर्षं आकडे दाखवून सांगतायत की बाबांनो येणारे लोक तेवढ्या वेगानं वाढत नाहीयेत, तुम्ही एकमेकांचीच गिऱ्हाइकं पळवताय आणि भाड्यात सूट देऊन पळवताय. सल्लागाराच्या अहवालात हॉटेलच्या जेवढ्या खोल्या भरणार म्हणून लिहिलेलं असतं त्याच्या आसपासही बरेचदा जात नाहीत. कुणी म्हणेल ते अमेरिकेचं झालं. हो, पण आपल्याकडे पण आता प्रत्येक शहराला एक पाहिजे झालंय, आणि भूमिपूजनाच्या बातमीत मी अजून मागच्या अंगणाबद्दल किंवा जवळच्या हॉटेलच्या खोल्यांबद्दल एक ओळ वाचलेली नाही.

जागा कुठं आहे ह्यावर किती अवलंबून असतं ते गाड्यांच्या ऑटो एक्स्पो प्रदर्शनानं दाखवून दिलं. आधी प्रगती मैदानावर व्हायचा, २०१२ पर्यंत, तिथं गर्दी मावेना म्हणून २०१४ पासून ग्रेटर नोएडाला गेला. जागा ऐसपैस, पण दिल्लीतून जायला अर्धा दिवस. २०२५ ला परत दिल्लीत भारत मंडपम्‌ला आला. यशोभूमी बांधताना म्हणूनच एअरपोर्टची मेट्रो तिच्या दारात नेली. आपल्या वाशीचं सिडकोचं सेंटर आकारानं ह्यांच्यापुढे छोटंच, पण स्टेशनातून उतरलं की चालत, म्हणून लहान प्रदर्शनवाल्यांना ते परवडतं. बाहेरगावहून टेम्पो घेऊन आलेला एखादा मसाल्याचा लघुउद्योजक हेलिपॅड बघत नाही, गिऱ्हाईक लोकलनं येईल का ते बघतो.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींना ह्यातलं बरंच काही आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन तिथं कन्व्हेन्शन सेंटरातच होतं, २०२२ ला अटलांटिक सिटी, २०२४ ला सॅन होजे. नाटक, ढोलताशा, बिझनेसची परिषद, साड्यांचे स्टॉल, लग्नाळूंचा मेळावा आणि हजारोंच्या पंगती, सगळं एका इमारतीत. आणि तिथल्या सेंटरांत साधारणपणे जेवण त्यांच्याच कंत्राटदाराचं असतं, बाहेरून आचारी आणायचा तर परवानगी आणि वर पैसे, म्हणजे शेवटी तो आपला कार्यालयवाला काही सुटत नाही, सातासमुद्रापार पण भेटतोच. अजून एक तिथली गंमत, मालधक्क्यावरून तुमच्या स्टॉलपर्यंत खोका नेऊन ठेवायचे वेगळे पैसे, तेही वजनावर. कित्येक ठिकाणी स्वतः उचलून न्यायचा म्हटलात तर तिथल्या युनियनची हरकत. भारतातून पहिल्यांदा गेलेला प्रदर्शक त्या बिलाकडे बघतच राहतो. परदेशी जाताना नमुन्याच्या मालावर कस्टम ड्युटी भरावी लागू नये म्हणून मालाचा पासपोर्ट असतो, कार्ने म्हणतात त्याला, भारतात तो फिक्की ही उद्योजकांची संघटना देते. माल दाखवायचा आणि परत आणायचा. तिथंच विकून आलात तर मात्र ड्युटी, दंड, सगळं मागे लागतं.

आगीबद्दल सांगितल्याशिवाय हा विषय संपवता येणार नाही, कारण आमचं फायर ऑफिसरशी दर शोला भांडण होतं आणि खरं सांगायचं तर दर वेळी तोच बरोबर असतो. शिकागोचं मॅकॉर्मिक प्लेस हे कन्व्हेन्शन सेंटर १९६० ला उघडलं, लोखंड आणि काँक्रीट, सगळे म्हणायचे ह्याला आग लागूच शकत नाही. जानेवारी १९६७, घरगुती वस्तूंचं मोठं प्रदर्शन उघडायच्या बेतात, स्टॉल सगळे उभे. पहाटे एका स्टॉलमागच्या वायरिंगमधून पेटलं. इमारत जळणारी नव्हती, पण आत जे भरलं होतं ते सगळंच जळणारं होतं, लाकूड, कापड, पुठ्ठा, प्लास्टिक. प्रदर्शनाच्या हॉलमध्ये स्प्रिंकलर नव्हते, पाण्याचे काही हायड्रंट बंद निघाले, उघडं लोखंडी छत तापून वाकलं आणि खाली आलं. एक सुरक्षारक्षक गेला. १९७१ ला नवीन बांधून उघडलं. तर पुढच्या वेळी प्रदर्शनात तुम्हाला वाटलं की वाट उगाच एवढी रुंद ठेवलीय, स्टॉलच्या मागे उगाच मोकळी गल्ली सोडलीय, तर ती उगाच नाही.

ह्याच मॅकॉर्मिक प्लेसची दुसरी गोष्ट अलीकडची. तळ्याकाठी भली मोठी काचेची इमारत, आणि तो पक्ष्यांचा स्थलांतराचा रस्ता. ऑक्टोबर २०२३ मध्ये एका रात्रीत जवळजवळ हजार पक्षी काचेवर आपटून मेले. मग पुढच्या वर्षी सगळ्या काचांवर बारीक ठिपक्यांची फिल्म लावली आणि मरणाऱ्या पक्ष्यांची संख्या एकदम खाली आली. काचेचा एवढा सोस असलेल्या आमच्या आर्किटेक्ट लोकांनी हे वाचायला पाहिजे.

आमच्या धंद्याचं पण एक पाप सांगतो. ते वाटेतलं कार्पेट तीन-चार दिवस वापरतात आणि टाकतात. प्लाय थोडा परत वापरला जातो, विनाइल आणि फ्लेक्स नाही. शो संपल्याची घोषणा झाली की दहा मिनिटांत हातोडे सुरू होतात, पाहुणा अजून चहा पीत असतो आणि मागची भिंत गेलेली असते, आणि सकाळपर्यंत हॉल असा मोकळा की काल इथं काही होतं असं वाटू नये. ट्रकच्या ट्रक कचरा निघतो त्या रात्री. अॅल्युमिनियमच्या जोडायच्या फ्रेम आल्यात त्या परत परत वापरता येतात, पण क्लायंटला दरवर्षी काहीतरी नवीन पाहिजे असतं.

आणि हे सगळं असूनही सेंटरशिवाय मोठे कार्यक्रम होतच नाहीत असं कुणी म्हणत असेल तर त्याला आपल्या साहित्य संमेलनाला न्या. मंडप, ग्रंथप्रदर्शन, परिसंवाद, कविकट्टा, हजारो लोकांचं जेवण, आणि बहुतेक वेळा कुठल्या तरी मैदानावर किंवा कॉलेजात, तेही दरवर्षी वेगळ्या गावात. ९८ वं संमेलन फेब्रुवारी २०२५ ला दिल्लीत झालं, उद्घाटन विज्ञान भवनात आणि बाकी तालकटोरा स्टेडियममध्ये. एवढी नवी कोरी सेंटरं त्याच शहरात उभी असताना. पुण्याजवळ मोशीत डिसेंबरात किसान प्रदर्शन भरतं, तिथं पण मैदान आणि तंबू. ट्रॅक्टर बघायला आलेल्या शेतकऱ्याला एसी नको असतो, त्याला एसटी आणि मोठं पार्किंग हवं असतं. कशाला हॉल लागतो आणि कशाला मैदान पुरतं हे ठरवताना मी एक साधा नियम लावतो, पाऊस आला किंवा वीज गेली तर कार्यक्रम तासभर थांबवता येतो का? कविसंमेलन थांबवता येतं, श्रोते छत्र्या उघडून बसतात. दुभाष्यांसकट चाललेली चाळीस देशांची बैठक थांबवता येत नाही.

२०२० मध्ये ह्याच इमारतींचं वेगळंच रूप दिसलं. लंडनचं एक्सेल, माद्रिदचं इफेमा, न्यूयॉर्कचं जेविट्स सेंटर, सगळीकडे कोविडच्या खाटा लागल्या, आणि आपल्या नेस्कोत जम्बो सेंटर झालं. आमच्या लायनीतल्या लोकांना त्याचं बिलकुल आश्चर्य वाटलं नाही. हजार खाटांना काय लागतं, मधे खांब नसलेली सपाट जागा, भरपूर वीज, जमिनीतून नेता येणाऱ्या लाइनी, ढिगानं संडास, ट्रक आत येईल असं शटर, आणि दोन दिवसांत पार्टिशन उभ्या करणारी माणसं. त्या वर्षी सगळे शो रद्द झाले होते, आमची माणसं घरी बसलेली. ओळखीच्या एका सुताराचा मला तेव्हा फोन आला, म्हणाला साहेब काम मिळालंय, तेच तीन बाय तीनचे पॅनल लावतोय, फक्त ह्या वेळी नावाची पट्टी लावायची नाही म्हणतात, नंबर लावायचा आहे.